कुमारवयीन विनोदी चित्रपट (मराठी)

बालपण ओसरून जाणतेपण येऊ लागते त्या काळातील मुलामुलींची गोष्ट हसतखेळत सांगणारा चित्रपट म्हणजे कुमारवयीन विनोदी चित्रपट. मराठीत हा प्रकार मुख्यत्वे इ.स. २००० नंतर रुजला. तो रुजवण्यात मर्यादित खर्चात, नामवंत नट-नट्यांच्या आधाराविना काम करणाऱ्या नवोदित दिग्दर्शकांचा वाटा मोठा आहे. शाळा, फँड्री, किल्ला, एलिझाबेथ एकादशी, नाळ आणि आत्मपॅम्फ्लेट हे या प्रकारातील विशेष उल्लेखनीय चित्रपट होत. यांतील विनोद लहान मुलांच्या निरागसपणावर थांबत नाही. कोण कोणाला हसतो आणि कोणाचे हसे होते, या प्रश्नाशी तो येऊन भिडतो. जात, गरिबी, बोली आणि लग्नव्यवस्था हे विषय त्यामुळे या चित्रपटांत उपदेशाविना येतात. विदर्भातील बोली आणि जीवन मराठी चित्रपटात गंभीरपणे येण्यासही या प्रकाराची मदत झाली आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

या प्रकारासाठी मराठीत एकच रूढ संज्ञा नाही. ‘कुमारवयीन चित्रपट’, ‘किशोरवयीन चित्रपट’, ‘वयात येण्याची गोष्ट’ असे शब्दप्रयोग आढळतात. बालचित्रपट आणि कुमारवयीन चित्रपट यांत मात्र फरक केला पाहिजे. बालचित्रपट मुलांसाठी असतो. कुमारवयीन चित्रपट मुलांविषयी असतो आणि त्याचा प्रेक्षक बहुधा प्रौढ असतो. बालचित्रपटातील नायक शेवटी जिंकतो किंवा शहाणा होतो. कुमारवयीन चित्रपटातील नायकाला आपल्या भोवतालच्या जगाची एखादी अशी गोष्ट कळते, की त्यानंतर त्याला पूर्वीसारखे लहान राहता येत नाही. साहित्यातील घडणीच्या कादंबरीशी, म्हणजे जर्मन परंपरेतील ‘बिल्डुंग्सरोमान’ या प्रकाराशी, त्याचे नाते आहे.

‘स्वतंत्र’ हा शब्दही मराठीच्या संदर्भात जपून वापरावा लागतो. चित्रपटाची कल्पना, पटकथा आणि चित्रीकरण यांवर मोठ्या संस्थेचे नियंत्रण नसणे हा त्याचा एक अर्थ. मात्र असे अनेक चित्रपट पूर्ण झाल्यावर किंवा होत असताना मोठ्या वितरणसंस्थांनी हाती घेतले आणि मगच ते चित्रपटगृहांपर्यंत पोहोचले. निर्मिती स्वतंत्र आणि वितरण संस्थात्मक, अशी ही मिश्र व्यवस्था आहे. पुढे उल्लेखिलेले सर्व चित्रपट कमी खर्च, स्वतंत्र निर्मिती आणि विनोद या तिन्ही कसोट्यांना सारखेच उतरतात असे नाही. प्रकाराची वाढ समजण्यासाठी त्यांचा एकत्र विचार केला आहे.

पूर्वपीठिका

मराठी चित्रपटातील बालपणाचा पहिला मोठा आविष्कार म्हणजे साने गुरुजींच्या पुस्तकावर आधारलेला, प्रल्हाद केशव अत्रे यांनी दिग्दर्शित केलेला श्यामची आई (१९५३). सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचे राष्ट्रपती सुवर्णपदक पहिल्याच वर्षी, १९५४ मध्ये, या चित्रपटास मिळाले. त्यातील बालपण संस्कारांचे आहे. मूल चुकते, आई समजावते, मूल सुधारते. पुढील अनेक वर्षे मराठी पडद्यावरील मुलांची प्रतिमा या साच्याच्या आसपास राहिली. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या बालचित्र समितीच्या निर्मितीतही बोधाला अग्रस्थान होते.

जगात याच सुमारास वेगळी वाट तयार होत होती. सत्यजित राय यांचा पथेर पांचाली (१९५५) आणि फ्रान्स्वा त्रुफो यांचा द फोर हंड्रेड ब्लोज (१९५९) हे दोन्ही दिग्दर्शकांचे पहिलेच दीर्घ चित्रपट होते. दोन्ही कमी पैशांत, खऱ्या ठिकाणी चित्रित झाले आणि दोन्हींच्या केंद्रस्थानी मूल होते. पहिला चित्रपट, अपुरा पैसा आणि बालपणाची गोष्ट हे त्रिकूट तेव्हापासून सर्वत्र दिसते. त्याची कारणे व्यवहारातील आहेत. नवोदिताजवळ भांडवल नसते, पण स्वतःचे बालपण असते. शिवाय मुलाच्या गोष्टीला भव्य देखावे आणि प्रसिद्ध नायक लागत नाहीत. अमेरिकेत जॅरेड हेस यांचा नेपोलियन डायनामाइट (२००४) हा शाळकरी मुलाचा विनोदी चित्रपट आयडाहो राज्यातील प्रेस्टन या लहान गावात सुमारे ४ लाख डॉलरमध्ये तयार झाला आणि त्याने ४ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले.

मराठी साहित्यात बालपणाकडे मिस्कील, पण सहानुभूतीने पाहण्याची दृष्टी चित्रपटाच्या आधी आली होती. प्रकाश नारायण संत यांच्या वनवास (१९९४) आणि त्यानंतरच्या कथासंग्रहांतील लंपन, तसेच मिलिंद बोकील यांच्या शाळा (२००४) या कादंबरीतील मुकुंद जोशी, ही त्याची ठळक उदाहरणे. चित्रपटात सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या दहावी फ (२००२) या चित्रपटाने शाळेच्या शेवटच्या तुकडीत टाकलेल्या, ‘ढ’ ठरवलेल्या मुलांना पडद्याच्या मध्यभागी आणले. संदीप सावंत यांच्या श्वास (२००४) या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. श्यामची आई नंतर सुमारे पन्नास वर्षांनी हा मान मराठीकडे आला होता. श्वास विनोदी नाही. परंतु लहान मुलाच्या गोष्टीवर, थोडक्या पैशांत केलेला चित्रपट देशभर पोहोचू शकतो, हा विश्वास त्याने दिला. मंगेश हाडवळे यांचा टिंग्या (२००८) आणि उमेश विनायक कुलकर्णी यांचा विहीर (२००९) हे त्याच वाटेवरील पुढचे टप्पे होत. टिंग्यामधील भूमिकेसाठी शरद गोयेकर याला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

कमी खर्चाचे तंत्र

कमी खर्च ही या चित्रपटांची अडचण होती, तशीच त्यांची घडण ठरवणारी गोष्टही होती. फिल्मवर चित्रीकरण होत असे तोवर प्रत्येक पुनरावृत्तीचा खर्च वाढत असे. म्हणून थोड्याच प्रयत्नांत अचूक काम करणारा, घोटून तयार केलेला बालनट सोयीचा ठरे. अशा मुलाचे बोलणे पाठ केल्यासारखे वाटे. डिजिटल कॅमेरा आल्यावर ही अट सैल झाली. कॅमेरा बराच वेळ चालू ठेवता येऊ लागला. मुलांना आपापसात बोलू देणे, त्यांच्या चुका आणि अडखळणे राखून ठेवणे शक्य झाले. या चित्रपटांतील पुष्कळसा विनोद अशा अनियोजित वाटणाऱ्या क्षणांतून येतो.

पैशाच्या अभावी उभारलेल्या देखाव्यांऐवजी खरी गावे, खऱ्या शाळा आणि खरी घरे वापरली जातात. त्याबरोबर त्या गावची बोली येते, कारण तिथली मुले आणि माणसेच पडद्यावर काम करतात. पुण्या-मुंबईच्या प्रमाण मराठीत बोलणारा नट अशा गावात वेगळा पडतो. बोलीचा वापर ही अशा वेळी केवळ सजावट राहत नाही, ती निर्मितीच्या पद्धतीतूनच येते. कथाही लहान असते. एक सायकल, एक जीन पँट, एक चिमणी किंवा एक प्रश्न एवढ्यावर ती उभी राहते. मुलाच्या दृष्टीने ती वस्तू सर्वस्व असते आणि मोठ्यांच्या दृष्टीने क्षुल्लक. या दोन मापांतील तफावत हे विनोदाचे पहिले उगमस्थान आहे.

विनोदाचे स्वरूप

या चित्रपटांतील विनोदाचे ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिला, वर सांगितल्याप्रमाणे, लहान इच्छेसाठी चाललेल्या मोठ्या खटाटोपाचा. दुसरा अनुकरणाचा. मुले मोठ्यांची भाषा, प्रेमाच्या कल्पना आणि रुबाब उसने घेतात आणि ते त्यांच्या अंगाला सैल पडतात. मुलांना हसता हसता प्रेक्षक येथे मोठ्यांच्या वागण्याला हसू लागतो. तिसरा प्रकार अधिक अवघड आहे. त्यात प्रेक्षकाला आधी हसवले जाते आणि मग त्याच हसण्याची लाज वाटायला लावली जाते.

फँड्रीचा शेवट हे तिसऱ्या प्रकाराचे सर्वांत परिचित उदाहरण होय. जब्याचे कुटुंब शाळेजवळ डुकरे पकडत असते आणि गाव तमाशा पाहावा तसे जमून हसत असते. पळणाऱ्या डुकरामागे धावणारी माणसे, त्यांची तारांबळ, राष्ट्रगीत सुरू होताच सर्वांचे जागच्या जागी थिजणे ही सारी सामग्री प्रहसनाची आहे. पडद्यावरील गावकरी हसतात आणि प्रेक्षागृहातही हसू उमटते. त्यानंतर चिडलेल्या जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. हसणाऱ्या गावकऱ्यांच्या रांगेत प्रेक्षकही होता, हे त्या दगडाने त्याला कळते. विनोद हा दुर्बलाचे शस्त्र असू शकतो तसाच सबलाचेही, ही जाणीव या प्रकारातील चांगल्या चित्रपटांना हलक्याफुलक्या शालेय प्रहसनांपासून वेगळे करते.

प्रमुख चित्रपट

शाळा : सुजय डहाके दिग्दर्शित हा चित्रपट जानेवारी २०१२ मध्ये प्रदर्शित झाला. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. आणीबाणीच्या काळात नववीत शिकणारा मुकुंद जोशी आणि त्याची वर्गमैत्रीण शिरोडकर यांच्या न बोललेल्या प्रेमाची ही गोष्ट. मुख्य भूमिका अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर यांच्या आहेत. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट आणि सर्वोत्कृष्ट आधारित पटकथा (अविनाश देशपांडे) असे राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाले. मुलांच्या टोळक्यातील थट्टामस्करी आणि बाहेरच्या जगातील सक्तीची शिस्त यांचा विरोध या चित्रपटात शांतपणे उभा राहतो.

बालक-पालक : रवी जाधव दिग्दर्शित हा चित्रपट जानेवारी २०१३ मध्ये प्रदर्शित झाला. अंबर हडप आणि गणेश पंडित यांच्या एकांकिकेवरून तो घेतला आहे. १९८० च्या दशकातील चाळीत चार मुलांना लैंगिकतेविषयी पडलेले प्रश्न आणि मोठ्यांनी टाळलेली उत्तरे हा त्याचा विषय. मराठी मध्यमवर्गीय घरात ज्यावर बोलले जात नसे तो विषय विनोदाच्या आडोशाने प्रथमच एवढ्या उघडपणे पडद्यावर आला. कुटुंबांनी एकत्र पाहण्याजोगी त्याची मांडणी होती आणि त्याला व्यावसायिक यशही मिळाले.

फँड्री : नागराज मंजुळे यांचा हा पहिला दीर्घ चित्रपट. त्यापूर्वीच्या पिस्तुल्या या लघुपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. फँड्री महोत्सवांत २०१३ मध्ये दाखवला गेला आणि १४ फेब्रुवारी २०१४ रोजी चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. कैकाडी समाजातील जब्या वर्गातील शालूवर प्रेम करतो. काळी चिमणी पकडून तिची राख शालूवर टाकली की ती वश होईल, असे त्याला वाटते. ‘फँड्री’ या कैकाडी शब्दाचा अर्थ डुक्कर. जब्याची भूमिका करणारा सोमनाथ अवघडे याला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा आणि चित्रपटाला दिग्दर्शकाच्या पदार्पणासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार मिळाला.

किल्ला : छायालेखक म्हणून परिचित असलेल्या अविनाश अरुण यांचा हा पहिला चित्रपट. वडिलांच्या मृत्यूनंतर आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणातील गावात आलेला चिन्मय आणि तिथले मित्र यांची ही गोष्ट. बंड्याच्या भूमिकेतील पार्थ भालेराव याचा उनाड विनोद आणि चिन्मयचे अबोल दुःख एकमेकांना तोलून धरतात. २०१४ च्या बर्लिन महोत्सवात बालपरीक्षकांनी त्याला क्रिस्टल बेअर हा पुरस्कार दिला. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. महाराष्ट्रात तो जून २०१५ मध्ये प्रदर्शित झाला.

एलिझाबेथ एकादशी : परेश मोकाशी दिग्दर्शित आणि मधुगंधा कुलकर्णी लिखित हा चित्रपट १४ नोव्हेंबर २०१४ रोजी प्रदर्शित झाला. ‘एलिझाबेथ’ हे सायकलचे नाव. दिवंगत वडिलांची आठवण असलेली ही सायकल घरच्या कर्जापायी विकली जाऊ नये म्हणून ज्ञानेश आणि त्याची बहीण पंढरपुरातील एकादशीच्या यात्रेत बांगड्या विकतात. सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. भाविकांची गर्दी ही मुलांच्या दृष्टीने विक्रीची संधी ठरते. श्रद्धेची टिंगल न करता हा विरोधाभास विनोदात रूपांतरित केलेला आहे.

आत्मपॅम्फ्लेट : आशिष बेंडे दिग्दर्शित आणि परेश मोकाशी लिखित हा चित्रपट २०२३ च्या बर्लिन महोत्सवात कुमारवयीनांच्या विभागात दाखवला गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झाला. नायकाचे नावही आशिष आहे. एका दलित मुलाचे शाळेतील प्रेम आणि देशातील राजकीय घडामोडी समांतर चालतात. वर्गात जात कळण्यापूर्वीची मैत्री आणि कळल्यानंतरची मैत्री यांतील फरक निवेदकाच्या खेळकर स्वरात येतो. दिग्दर्शकाच्या सर्वोत्कृष्ट पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. फँड्रीतील संताप आणि येथील मिस्कीलपणा ही एकाच अनुभवाला दिलेली दोन भिन्न उत्तरे आहेत.

याखेरीज निपुण धर्माधिकारी यांचा धप्पा हा चित्रपटही उल्लेखनीय आहे. वसाहतीतील मुलांचे नाटक आणि त्याला झालेला मोठ्यांचा विरोध हा त्याचा विषय असून त्याला राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला. या स्वतंत्र धारेच्या शेजारी किशोरवयीन प्रेमाची व्यावसायिक धाराही वाढली. टाइमपास (२०१४) आणि बॉईज (२०१७) हे तिचे यशस्वी चित्रपट होत.

विदर्भातील चित्रपट

मराठी नाटक-चित्रपटांत वऱ्हाडी, नागपुरी किंवा झाडी बोली बोलणारे पात्र दीर्घकाळ हास्यापुरते येत असे. नायक प्रमाण मराठीत बोले आणि बोली नोकर, गावंढळ पाहुणा किंवा वात्रट मित्र यांच्या वाट्याला जाई. भाषा हीच थट्टेचा विषय असल्याने त्या भाषेत कोणी दुःख व्यक्त करील, ही अपेक्षाच नसे. कुमारवयीन चित्रपटांनी या प्रथेला छेद दिला. बोलीतील मिस्कीलपणा त्यांनी सोडला नाही, मात्र ती बोली नायकाच्या तोंडी दिली.

सतीश मनवर यांचा गाभ्रीचा पाऊस (२००९) या दृष्टीने पूर्वसूरी म्हणता येईल. शेतकरी आत्महत्यांच्या काळात आपल्या नवऱ्याने जिवाचे बरेवाईट करू नये म्हणून धास्तावलेली अलका लहान मुलाला त्याच्या मागावर ठेवते. मृत्यूची भीती आणि पाळतीतून होणारे गमतीदार गैरसमज येथे एकत्र आहेत.

सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा नाळ नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. सैराटचे छायालेखक म्हणून ते आधी परिचित होते. संवाद नागराज मंजुळे यांचे आहेत. विदर्भातील नदीकाठच्या खेड्यात वाढणाऱ्या चैत्याला आपण दत्तक असल्याचे कळते. त्यानंतर आईची प्रत्येक कृती तो तपासून पाहू लागतो. पूर्वार्धातील त्याच्या खोड्या आणि लाडीगोडी यांवर हसणारा प्रेक्षक उत्तरार्धात त्याच लाडीगोडीमागची धास्ती ओळखतो. चैत्याची भूमिका श्रीनिवास पोकळे याने, तर आईची देविका दफ्तरदार यांनी केली. चित्रपटाला पदार्पणासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार आणि श्रीनिवास पोकळे याला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार (विभागून) मिळाला. नाळ भाग २ (२०२३) या पुढील भागाला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तसेच त्यातील त्रिशा ठोसर, श्रीनिवास पोकळे आणि भार्गव जगताप हे बालकलाकाराच्या पुरस्काराचे मानकरी ठरले.

जयंत दिगंबर सोमलकर यांचा स्थळ (२०२३) चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे घडतो. नायिका सविता पदवीच्या शेवटच्या वर्षात असल्याने तो कुमारवयाच्या पलीकडच्या सीमेवर आहे. परंतु जाणते होण्याची प्रक्रिया त्याच्या केंद्रस्थानी असल्याने त्याचा येथे समावेश होतो. आरंभी सवितेला स्वप्न पडते. त्यात बायका बसल्या आहेत आणि स्थळ म्हणून आलेल्या मुलाला प्रश्न विचारत आहेत. उलटापालट झालेल्या या प्रसंगावर हसू येते. त्यानंतर तोच प्रसंग नेहमीच्या रीतीने, पुन्हापुन्हा, घडतो. पाहुणे येतात, मुलगी पाटावर बसते, नाव, शिक्षण, उंची विचारली जाते आणि नकार येतो. प्रश्न तेच राहतात, हसू मात्र दर वेळी कमी होत जाते. स्थानिक, नवख्या कलाकारांनी भूमिका केलेल्या या चित्रपटाला टोरोंटो महोत्सवात नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि मार्च २०२५ मध्ये तो महाराष्ट्रात प्रदर्शित झाला.

या तीन चित्रपटांना ‘पाहणे’ या क्रियेचा समान धागा आहे. गाभ्रीचा पाऊसमधील मूल बापावर नजर ठेवते, नाळमधील मूल आईला न्याहाळते आणि स्थळमधील मुलगी स्वतःच पाहिली जाते. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांतील अधिकाराचा प्रश्न तिन्हींत विनोदाच्या खाली आहे.

तिन्ही चित्रपट खेड्यातील आहेत. नागपूर शहरातील मुले मोठ्या पडद्यावर ठळकपणे आली ती नागराज मंजुळे यांच्या झुंड (२०२२) या हिंदी चित्रपटात. विजय बारसे यांच्या झोपडपट्टीतील फुटबॉलच्या कार्यावर तो आधारलेला आहे. अमिताभ बच्चन यांच्या प्रमुख भूमिकेमुळे त्याला कमी खर्चाचा चित्रपट म्हणता येत नाही, मात्र मुलांच्या भूमिकांसाठी वस्त्यांतील नवखी मुले निवडण्याची पद्धत तीच होती. त्यातील अंकुश गेडाम याला पदार्पणासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. लाकूडबाजारासाठी ओळखले जाणारे लकडगंज, इतवारी, गड्डीगोदाम अशा नागपुरातील जुन्या वस्त्यांत ऐकू येणारी मराठी-हिंदी मिश्रित बोली या चित्रपटात थट्टेचा विषय न होता मुलांची स्वतःची भाषा म्हणून येते.

बालकलाकार आणि कायदा

लहान मुलांकडून काम करून घेणाऱ्या निर्मात्यावर कायद्याची बंधने आहेत. बाल व किशोरवयीन कामगारविषयक कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम सुधारले गेले. त्यांनुसार १४ वर्षांखालील बालकलाकारासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाला दिवसात ५ तासांहून अधिक आणि विश्रांतीविना सलग ३ तासांहून अधिक काम देता येत नाही. त्याचे शिक्षण खंडित होऊ नये म्हणून सलग २७ दिवसांहून अधिक काळ काम करून घेण्यास मनाई आहे. मानधनातील किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावी लागते.

मोठ्या निर्मितीला हे वेळापत्रक सांभाळणे सोपे जाते. कमी खर्चाच्या चित्रपटात प्रत्येक वाढीव दिवस महाग पडतो, म्हणून येथे काटकसर आणि मुलाचे हित यांच्यात ताण निर्माण होऊ शकतो. दुसरा प्रश्न चित्रपटानंतरचा आहे. गावातील मुलाला एका चित्रपटाने राष्ट्रीय पुरस्कार मिळतो, पण पुढील भूमिका मिळेलच असे नाही, आणि पूर्वीचे साधे शालेय जीवनही तसेच राहत नाही. पडद्यावरील मुलाच्या वाढीची गोष्ट सांगताना प्रत्यक्षातील मुलाच्या वाढीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न या प्रकाराला जोडूनच येतो.

प्रदर्शन आणि वितरण

कमी खर्चात चित्रपट तयार करणे डिजिटल तंत्रामुळे सुकर झाले, तरी तो प्रेक्षकांपर्यंत नेणे अवघडच राहिले. महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना परीक्षणानंतर दर्जानुसार अनुदान देते. हे साहाय्य चित्रपट पूर्ण झाल्यावर मिळत असल्याने आरंभीचा पैसा निर्मात्यालाच उभा करावा लागतो. बहुपडदा चित्रपटगृहांत मराठी चित्रपटांना गैरसोयीच्या वेळा मिळतात, ही तक्रार जुनी आहे. मुख्य वेळेत मराठी चित्रपट दाखवण्याविषयीचा निर्णय राज्य शासनाने एप्रिल २०१५ मध्ये जाहीर केला, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला.

या स्थितीत देशी-विदेशी महोत्सव हे अशा चित्रपटांचे पहिले प्रवेशद्वार ठरले. महोत्सवातील पुरस्कारामुळे वितरक मिळतो आणि वृत्तपत्रांतून नाव होते. मात्र त्यामुळे प्रदर्शनास विलंब होतो. किल्ला आणि स्थळ यांच्या बाबतीत महोत्सव आणि चित्रपटगृह यांत एक वर्षाहून अधिक काळ गेला. ज्या गावात चित्रीकरण होते, तेथील किंवा जवळच्या तालुक्यातील लोकांना तो चित्रपट सर्वांत उशिरा दिसतो, ही या व्यवस्थेतील विसंगती आहे.

मर्यादा आणि टीका

या प्रकारावर प्रामुख्याने तीन आक्षेप घेता येतात. पहिला, यांतील बहुसंख्य गोष्टी मुलग्यांच्या आहेत. शिरोडकर असो वा शालू, मुलगी बहुधा दुरून पाहिली जाते, ती काय पाहते हे कळत नाही. स्थळसारखा चित्रपट ही उणीव काही अंशी भरून काढतो.

दुसरा आक्षेप काळाविषयीचा. शाळा १९७० च्या दशकात, बालक-पालक १९८० च्या दशकात आणि आत्मपॅम्फ्लेट त्यानंतरच्या वर्षांपर्यंत घडतो. दिग्दर्शक आणि लेखक आपल्या आठवणींकडे वळत असल्याने भूतकाळाचा गोडवा आपोआप येतो. भ्रमणध्वनी हातात असलेल्या, शिकवणी वर्गांत आणि स्पर्धा परीक्षांत अडकलेल्या आजच्या मुलांचे वयात येणे त्या मानाने कमी चित्रित झाले आहे.

तिसरा आक्षेप प्रेक्षकांविषयीचा. हे चित्रपट मुलांविषयी असले तरी त्यांची महोत्सवी ख्याती प्रौढांमध्ये आहे. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या, बोलीत बोलल्यामुळे हसल्या जाणाऱ्या किंवा जातीमुळे वेगळ्या पाडलेल्या मुलांपर्यंत ते कितपत पोहोचतात, यावर त्यांचा परिणाम अवलंबून आहे. शाळांतून असे चित्रपट दाखवून त्यांवर चर्चा घडवणे हा त्यासाठी एक सोपा मार्ग आहे. फँड्रीसारखा चित्रपट पाहताना वर्गात कोणत्या प्रसंगी हसू येते आणि कोणत्या प्रसंगी ते थांबते, एवढे लक्षात घेतले तरी चर्चेची सुरुवात होऊ शकते.